पिझ्झा डिलिव्हरीच्या फ्रँचायझीचा विमा: ओव्हनच्या आधी दुचाकी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या उपनगरात एका दांपत्याने पिझ्झा ब्रँडची फ्रँचायझी घेतली आहे. जागा भाड्याची आहे, ओव्हन आणि अंतर्गत सजावटीसाठी बँकेचे कर्ज काढले आहे, एकूण चौदा माणसे कामावर आहेत आणि त्यांपैकी सहा मुले स्वतःच्या दुचाकीवरून पिझ्झे पोहोचवतात. एजंटाने ‘दुकानदार पॅकेज’ नावाची पॉलिसी दिली असून तेवढे पुरेसे आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

पुरेसे नाही. लहान उपाहारगृहांच्या विम्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे आणि या व्यवसायातील विम्याचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा लावलेला मला दिसतो. मालक आधी ओव्हनचा, फ्रीझरचा आणि काचेच्या दर्शनी भागाचा विमा उतरवतो, कारण त्या वस्तू डोळ्यांसमोर असतात आणि बँकही त्यांच्याबद्दलच विचारते. वास्तविक ओव्हन पूर्ण जळाला तरी नुकसानीचा आकडा ठरलेला असतो. रस्त्यावर आपल्या माणसाच्या दुचाकीखाली कोणी सापडले, तर त्या नुकसानीला वरची मर्यादा नसते. म्हणून उत्तराची सुरुवात दुचाकीपासून करतो आणि सर्वांत जास्त जागाही तिलाच देतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 146 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरील प्रत्येक मोटार वाहनाला तृतीय पक्षाचा, म्हणजे थर्ड पार्टीचा, विमा सक्तीचा आहे. आपल्या मुलांकडे तो असेलही. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या दुचाकीसाठी त्याचा वार्षिक हप्ता 714 रुपये अधिक जीएसटी इतकाच आहे. अडचण हप्त्याची नसून वापराच्या अटीची आहे. खाजगी दुचाकीच्या प्रमाणित पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वाहन चालवणे, शर्यती, वाहनविक्रीच्या धंद्यातील वापर आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान वगळता इतर मालाची वाहतूक या गोष्टी त्यात वगळलेल्या असतात. मागच्या पेटीतील चार पिझ्झे हे वैयक्तिक सामानही नव्हे आणि नमुनेही नव्हेत. ही ओळ बहुतेक मालकांनी वाचलेली नसते आणि एजंटही ती सहसा दाखवत नाहीत.

या ओळीचा परिणाम दोन पातळ्यांवर होतो. दुचाकीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वापराची अट मोडली गेली असतानाही दावा संपूर्ण न फेटाळता त्याचा काही भाग द्यावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या एका निकालात घेतली आहे. तरीही तो भाग मिळवण्यासाठी बराच काळ भांडावे लागते, हे लक्षात ठेवावे. तृतीय पक्षाच्या बाबतीत कायद्याचा कल जखमी व्यक्तीला किंवा मृताच्या कुटुंबाला पैसे मिळवून देण्याकडे असतो. त्यामुळे अटभंगाच्या अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई देण्यास सांगते आणि ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. वाहनमालक म्हणजे इथे दरमहा पंधरा-अठरा हजार मिळवणारा आपलाच मुलगा. नोकराने नोकरीच्या कामात केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो, हे तत्त्व आपल्या न्यायालयांत पक्के आहे. त्यामुळे दावेदाराचा वकील दुकानाला प्रतिवादी करणार, हे धरूनच चालावे. मुलाला ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हटल्याने किंवा त्याच्याकडून तसे लिहून घेतल्याने फारसा फरक पडत नाही. त्याला कामाच्या वेळा कोण ठरवून देतो, गणवेश आणि पेटी कोणाची आहे आणि पगार कोण देतो, हे पाहिले जाते.

आकडा किती मोठा होऊ शकतो, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, आपल्या मुलाच्या चुकीने झालेल्या अपघातात 30 वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय असलेला, महिना 50,000 रुपये मिळवणारा आणि चार जणांचे कुटुंब मागे असलेला गृहस्थ दगावला. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे वार्षिक उत्पन्न 6,00,000 रुपये, त्यात भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवून 8,40,000 रुपये होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केल्यावर 6,30,000 रुपये उरतात आणि त्या वयाचा गुणक 17 लावला की 1,07,10,000 रुपये होतात. अंत्यविधी, सहजीवनाची हानी यांसारख्या ठरावीक रकमा आणि व्याज वेगळे. दुचाकीच्या पॉलिसीत तृतीय पक्षाच्या मृत्यूची आणि दुखापतीची जबाबदारी अमर्याद असते, म्हणून 714 रुपयांची ती पॉलिसी चोख असणे हे आपल्या संपूर्ण दुकानाच्या विम्यापेक्षा मोलाचे आहे. तृतीय पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र दुचाकीच्या पॉलिसीत साधारणपणे 1 लाख रुपयांची मर्यादा असते. महागड्या मोटारीला धडक बसली, तर ती अपुरी पडू शकते.

या बाबतीत अमेरिकेतील अनुभव बोलका आहे. डोमिनोजने तिथे अर्ध्या तासात पिझ्झा पोहोचवण्याची हमी दिली होती. डिलिव्हरीच्या वाहनाने झालेल्या अपघातात जखमी झालेल्या एका महिलेच्या खटल्यात सेंट लुईसच्या ज्यूरीने 1993 मध्ये सुमारे 7.9 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढे प्रकरण त्याहून बऱ्याच कमी रकमेवर मिटले, पण कंपनीने तिथली ती हमी त्याच वर्षी मागे घेतली. तिथल्या फ्रँचायझीधारकांना कर्मचाऱ्यांच्या खाजगी वाहनांमुळे दुकानावर येणाऱ्या जबाबदारीसाठी स्वतंत्र विमा सहज मिळतो. इंटरनेटवर दिसणाऱ्या इंग्रजी याद्यांमध्ये त्याचा उल्लेख हमखास असतो आणि ती यादी हातात घेऊन अनेक जण माझ्याकडे येतात. आपल्याकडे एका लहान दुकानाला तसा तयार विमा सहज मिळत नाही. सर्वसाधारण दायित्वाच्या, म्हणजे इतरांना द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या, पॉलिसीत मोटार वाहनाचे अपघात वगळलेलेच असतात. त्यामुळे ही पोकळी आपल्याला वेगळ्या रीतीने भरावी लागते.

माझा स्पष्ट सल्ला असा, की शक्य असेल तर डिलिव्हरीच्या दुचाक्या दुकानाच्या नावावर घ्याव्यात. सहा नसतील तर तीन घ्याव्यात आणि डिलिव्हरी त्यांवरूनच करावी. त्यांचा विमा उतरवताना प्रस्तावात ‘स्वतःच्या दुकानातील खाद्यपदार्थ ग्राहकांना पोहोचवण्यासाठी’ असा वापर स्पष्ट लिहावा आणि तो पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे जोडलेली लेखी नोंद, म्हणून उमटवून घ्यावा. कंपनीने वेगळ्या वर्गातील पॉलिसी सुचवली आणि हप्ता वाढला, तरी तो भरावा. वाहनाच्या नोंदणीचा वर्गही त्या वापराशी जुळतो का, हे आरटीओकडून तपासून घ्यावे. वाहन दुकानाच्या नावावर असले, की मालक-चालकाला मिळणारे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण चालवणाऱ्या मुलाला लागू होत नाही, कारण तो मालक नसतो. त्यासाठी पगारी चालकाच्या जबाबदारीची जोड नाममात्र हप्त्यात मिळते, ती घ्यावी. आणि मुलांसाठी गट अपघात विमाही उतरवावा.

मुलांच्याच दुचाक्या वापरायच्या असतील, तर निदान प्रत्येकाच्या विमा कंपनीला वापराबद्दल लेखी कळवायला लावावे आणि कंपनीचे उत्तर जपून ठेवावे. वाढीव हप्त्याचा भार दुकानाने उचलावा. तो मुलांवर टाकला तर ते पॉलिसी काढणारच नाहीत. परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या मुदतीची एक नोंदवही ठेवावी आणि ती महिन्यातून एकदा शिफ्टच्या व्यवस्थापकाने तपासावी. अठरा वर्षांखालील मुलाला सुट्टीपुरतेही डिलिव्हरीला पाठवू नये. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहनाने गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास होऊ शकतो आणि अशी शिक्षा कोणताही विमा टाळू शकत नाही.

कमी वेगाच्या विजेच्या स्कूटरबद्दल स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे, कारण त्या स्वस्त आहेत आणि या व्यवसायात झपाट्याने शिरल्या आहेत. 250 वॉटपेक्षा कमी शक्ती, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी वगळून 60 किलोपर्यंत वजन या मर्यादांत बसणारी स्कूटर नियमानुसार मोटार वाहन मानली जात नाही. म्हणून तिला नोंदणी, परवाना आणि विमा यांची सक्ती नाही. विक्रेते हाच तिचा फायदा म्हणून सांगतात. परंतु त्या स्कूटरने एखाद्या वृद्धाला धडक दिली आणि मांडीचे हाड मोडले, तर भरपाईची जबाबदारी असतेच आणि ती देणारी विमा कंपनी मात्र कोणीच नसते. अशा स्कूटर वापरायच्या असतील, तर दायित्वाच्या पॉलिसीत त्यांचा नावानिशी समावेश करून घ्यावा. तसे करायला कंपनी तयार नसेल, तर नोंदणी होणारी विजेची दुचाकी घ्यावी. 3 किलोवॉटपर्यंतच्या अशा दुचाकीचा तृतीय पक्षाचा हप्ता 457 रुपये आहे.

झोमॅटो किंवा स्विगीची मुले जेव्हा आपल्या दुकानातून ऑर्डर उचलतात, तेव्हा ती आपली नोकर नसतात आणि वरची जबाबदारी सामान्यतः आपल्याकडे येत नाही. मात्र गर्दीच्या वेळी त्यांच्यापैकीच कोणाला ‘ही एक आपली ऑर्डर देऊन ये’ असे सांगून रोख पैसे देण्याची पद्धत मी पाहिली आहे. तेवढ्या फेरीपुरता तो आपला माणूस ठरू शकतो. ही पद्धत बंद करावी.

आता खुद्द मुलांच्या दुखापतीकडे वळू. इथे आधी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, आणि मग खाजगी विमा, असा क्रम आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला ही योजना लागू होते. आपल्याकडे चौदा माणसे आहेत, म्हणून नोंदणी टाळता येणार नाही आणि टाळूही नये. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाचा वाटा 3.25 टक्के आणि कर्मचाऱ्याचा 0.75 टक्के इतकाच असतो. त्या बदल्यात कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात आणि कामावर मृत्यू झाल्यास आश्रितांना वेतनाच्या सुमारे 90 टक्के दराने मासिक लाभ मिळतो. कोणत्याही खाजगी पॉलिसीत या किमतीला इतके मिळत नाही. ‘मुले सहा महिन्यांत सोडून जातात, मग नोंदणी कशाला’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो आणि तो मला मान्य नाही. अपघात पहिल्या आठवड्यातही होऊ शकतो.

ईएसआयच्या कक्षेबाहेर जे राहतात, म्हणजे 21,000 रुपयांहून जास्त वेतन असलेला व्यवस्थापक किंवा काही कारणाने नोंदणी न झालेला हंगामी माणूस, त्यांच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसी घ्यावी. बाजारात तिला अजूनही जुन्या नावाने ‘वर्कमेन कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. 1923 च्या कायद्यातील आणि नव्या संहितेतही कायम राहिलेले सूत्र असे आहे, की मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के गुणिले वयानुसारचा घटक. जुन्या कायद्याखाली 2020 मध्ये हिशेबासाठीची वेतनमर्यादा 15,000 रुपये केली गेली. ती धरली, तर 22 वर्षांच्या मुलासाठी 7,500 गुणिले 221.37, म्हणजे 16,60,275 रुपये होतात. महिन्याभरात ही रक्कम जमा केली नाही, तर 12 टक्के व्याज आणि वर 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. हा दंड विमा कंपनी देत नाही. व्याजही पॉलिसीत वगळलेले असू शकते. म्हणून अपघाताची खबर त्याच दिवशी द्यावी. या पॉलिसीत दोन चुका सर्रास होतात. हप्ता कमी व्हावा म्हणून वेतन कमी दाखवले जाते. आणि वैद्यकीय खर्चाची जोड घेतली जात नाही, त्यामुळे ओव्हनवर हात भाजलेल्या मुलाचे बिल मालकाच्या खिशातून जाते.

यानंतर अन्नामुळे येणारी जबाबदारी. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 65 मध्ये असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजा झाल्यास 3 लाखांपर्यंत आणि इतर इजांसाठी 1 लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणच आले आहे आणि त्यात विक्रेता व सेवा देणारा हेही येतात. पीठ, सॉस आणि चीज ब्रँडच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आले, एवढे सांगून आपली सुटका होईल असे नाही. रात्री फ्रीझर बंद पडला होता का, हा प्रश्न आपल्यालाच विचारला जाणार. दुकानदार पॅकेजमधील सार्वजनिक दायित्वाचा भाग बहुधा दुकानाच्या आवारापुरता आणि थोड्या रकमेचा असतो. ग्राहक ओल्या फरशीवर घसरला, तर तो उपयोगी पडतो. ग्राहकाच्या घरी खाल्लेल्या पिझ्झ्यामुळे झालेल्या विषबाधेला तो लागू नसतो. वाढदिवसाला गेलेल्या एका मोठ्या ऑर्डरमुळे वीस मुले रुग्णालयात जाऊ शकतात, हे ध्यानात घेऊन उत्पादन-दायित्व आणि अन्नविषबाधा या दोन्हींसह स्वतंत्र दायित्व पॉलिसी घ्यावी.

तिच्याबद्दल दोन बारकावे सांगतो. आपल्याकडील अशा अनेक पॉलिसी ‘दावा केव्हा दाखल झाला’ यावर चालतात आणि त्यांत एक पूर्वलक्षी तारीख असते, जिच्या आधीच्या घटना धरल्या जात नाहीत. कंपनी बदलताना ती जुनी तारीख कायम ठेवून घेतली नाही, तर मागील वर्षातील घटनेचा आज आलेला दावा अधांतरी राहतो. दुसरे म्हणजे या पॉलिसी शारीरिक इजा किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तरच पैसे देतात. शाकाहारी कुटुंबाला चुकून मांसाहारी पिझ्झा गेला आणि त्यांनी मानसिक क्लेशाबद्दल ग्राहक आयोगात दाद मागितली, तर हा विमा सहसा कामी येत नाही. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे: वेगळ्या रंगाचे खोके, वेगळी कटर आणि बाहेर पडण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने केलेली तपासणी.

आता दुकानाची मालमत्ता. एका जागेवरील एकूण मूल्य 5 कोटी रुपयांपर्यंत असेल, तर 1 एप्रिल 2021 पासून आलेली ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आपल्याला लागू पडते. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल हे धोके तिच्या मूळ संरक्षणातच आहेत. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना पुराचे संरक्षण का हवे हे सांगावे लागत नाही. एजंटाने दिलेल्या पॅकेजचा आगीचा भाग याच शब्दरचनेवर आहे का, हे विचारून घ्यावे. चोरीसाठी मात्र वेगळा भाग लागतो आणि त्यातही बळजबरीने प्रवेश झाल्याच्या खुणा मागितल्या जातात.

विमा रक्कम ठरवताना इथे जो घोटाळा होतो, तो जरा थांबून पाहावा असा आहे. कर्जामुळे बँक आपल्या वतीने पॉलिसी काढते आणि ती बहुधा कर्जाच्या रकमेइतकीच असते. समजा, आज तसाच ओव्हन, डो मिक्सर, चिलर, एक्झॉस्ट आणि सजावट नव्याने उभी करायला 40 लाख लागतील आणि विमा 24 लाखांचा आहे. 15 टक्क्यांपर्यंतची तूट या पॉलिसीत माफ असते. इथे तूट 40 टक्के आहे. त्यामुळे 10 लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या अटीमुळे, म्हणजे विमा जितका कमी तितकी भरपाईही कमी या अटीमुळे, 6 लाखच मिळतील, म्हणजे नुकसान विमा रकमेच्या आत असूनही चार लाख खिशातून जातील. दुसरी गोष्ट जीएसटीची. 5 टक्के दराने कर आकारणाऱ्या उपाहारगृहाला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणजे ओव्हनवर भरलेला जीएसटी हा आपला खर्चच असतो. तरीही बिलातील कराआधीची रक्कम विम्यासाठी लिहिण्याची सवय हिशेबनीसांना असते. आपण करासह लिहावी. घसारा वजा करून नव्हे, तर नवी वस्तू घेण्याच्या किमतीवर विमा घ्यावा. भाड्याच्या जागेत भिंती जागामालकाच्या आणि त्यांवरील सजावट आपली असते. तिचा उल्लेख स्वतंत्र ओळीत असावा. बँकेने काढलेल्या पॉलिसीवरील पत्ता आणि व्यवसायाचे वर्णन आजच तपासावे. ‘किराणा माल’ असे वर्णन असलेल्या पॉलिसीवर गॅसच्या ओव्हनची आग बसवताना सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याला, त्रास होतो आणि आपल्याला त्याहून जास्त होतो.

शॉर्ट सर्किटने ज्या यंत्रात दोष निर्माण झाला, त्या यंत्राचे स्वतःचे नुकसान आगीच्या विम्यात वगळलेले असते. तिथून पसरलेल्या आगीचे नुकसान मिळते. कन्व्हेयर ओव्हनची मोटर किंवा चिलरचा कॉम्प्रेसर जळणे यासाठी यंत्रबिघाड विमा आणि त्याच्या जोडीला साठा नासण्याचा विमा लागतो. केवळ वीज गेल्यामुळे चीज खराब झाले, तर बहुधा काही मिळत नाही. त्यासाठी जनरेटर हाच उपाय आहे.

गॅसच्या दुर्घटनेत तेल कंपन्यांचा विमा असतो, हे खरे आहे. पण त्यातून मृत्यूसाठी मिळणारी रक्कम प्रत्येकी 6 लाख आणि नोंदणीकृत जागेतील मालमत्तेसाठी कमाल 2 लाख इतकीच आहे. शेजारच्या दुकानाला आपल्यामुळे आग लागली, तर ती कुठेच पुरणार नाही. मुंबईत 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिलमधील उपाहारगृहांच्या आगीत 14 जणांचा बळी गेला, त्यानंतर अग्निशमनाच्या कागदपत्रांकडे विमा कंपन्याही अधिक बारकाईने पाहतात, असा माझा अनुभव आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. आगीच्या दाव्यात सर्व्हेअर ते मागू शकतो. जागा मॉलमध्ये किंवा मोठ्या संकुलात असेल आणि तिथले प्रमाणपत्र संकुलाच्या नावाने असेल, तर त्याची प्रत आपल्या फाइलमध्ये असावी.

धंदा बंद राहिल्याने होणाऱ्या नुकसानीचा विमा बहुतेक जण अनावश्यक समजतात. मला तो फ्रँचायझीसाठी महत्त्वाचा वाटतो, कारण आग लागल्यावर दुकान पुन्हा उभे करणे आपल्या हातात नसते. ब्रँडच्या मान्यताप्राप्त कंत्राटदाराची आणि परवानग्यांची वाट पाहावी लागते. तोपर्यंत हप्ते, भाडे आणि निवडक कर्मचाऱ्यांचे पगार चालूच राहतात. समजा, महिन्याची विक्री 8 लाख, कच्चा माल 2.8 लाख आणि 6 टक्के रॉयल्टी 48 हजार आहे. विमा ज्याला ढोबळ नफा मानतो, तो विक्रीतून फक्त विक्रीबरोबर कमी होणारे खर्च वजा करून काढलेला असतो, म्हणजे इथे महिन्याला 4.72 लाख. ताळेबंदातील ढोबळ नफा वेगळा असतो आणि तो आकडा इथे लिहिला की विमा अपुरा पडतो. भरपाईचा कालावधी सहा महिन्यांपेक्षा कमी ठेवू नये. हा विमा आगीच्या पॉलिसीतील दावा मान्य झाला तरच चालतो. 2020 च्या टाळेबंदीत तो लागू झाला नाही, त्याचे कारण मालमत्तेचे भौतिक नुकसान झालेले नव्हते.

रोकड आणि कर्मचाऱ्यांच्या अफरातफरीचा विमा पॅकेजमध्ये असतो. यूपीआयमुळे रोकड घटली असल्याने तिथे मोठी रक्कम ठेवण्याची गरज नाही.

फ्रँचायझीच्या करारातील विम्याचे आणि क्षतिपूर्तीचे कलम मात्र वकिलाबरोबरच विमा सल्लागारालाही वाचायला द्यावे. दुकानातील कोणत्याही कारणाने ब्रँडवर दावा आला तर तो सर्व भार आपण उचलू, असे त्यात जवळजवळ नेहमी लिहिलेले असते. दायित्वाच्या पॉलिसीत केवळ करारामुळे अंगावर घेतलेली जबाबदारी सामान्यतः वगळलेली असते. म्हणजे करार एका दिशेला जातो आणि पॉलिसी दुसऱ्या. ब्रँडचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालून घेतल्यास आणि क्षतिपूर्ती आपल्या निष्काळजीपणापुरती मर्यादित करून मागितल्यास ही दरी कमी होते. ब्रँडने संपूर्ण साखळीसाठी घेतलेल्या पॉलिसीत आपण समाविष्ट आहोत, असे तोंडी सांगितले गेले असेल, तर आपल्या दुकानाचा पत्ता असलेले प्रमाणपत्र मागावे.

पैसा मर्यादित असेल, तर या वर्षी दुचाकींची व्यवस्था, ईएसआय आणि उत्पादन-दायित्व या तीन गोष्टी पूर्ण कराव्यात. आगीच्या विम्याची रक्कम दुरुस्त करण्यास फारसा खर्च येत नाही, म्हणून तेही लगेच करावे. धंदा बंद राहण्याचा विमा पुढच्या नूतनीकरणाला घेतला तरी चालेल. हप्त्याचा धनादेश वटल्याची खात्री करावी, कारण विमा अधिनियम, 1938 च्या कलम 64व्हीबीप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही.

दावा नाकारला गेल्यास आणि कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाने दाद दिली नाही, तर न्यायालयाआधी विमा लोकपालाचा मार्ग आहे. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे, शुल्क लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो. व्यवसायाच्या पॉलिसीबाबत ही सोय एकल मालकीच्या धंद्यांना आणि सूक्ष्म उद्योगांना आहे. आपली फर्म भागीदारीची असेल, तर सूक्ष्म उद्योग असल्याचा पुरावा लागेल. त्यासाठी उद्यम नोंदणी अजून केली नसेल, तर ती आताच करून तिच्या प्रमाणपत्राची प्रत पॉलिसीच्या फाइलमध्ये लावून ठेवावी.